परत काही येत नाही

२७ जानेवारी, रविवार

ही वही ओहमकाकांची. ते पूर्वी मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. आता रेडिओ, मिक्सर, पंखे, दारात येईल ते दुरुस्त करतात. ऑक्टोबरपासून मी त्यांच्या दुकानात समोरच्या स्टुलावर असतो. वही देताना म्हणाले, "सेटवर बसणाऱ्याने नोंद ठेवायची. तारीख, वेळ, काटा कुठे होता, ऐकू काय आलं. मनातलं लिहायचं नाही."

मनातलं सध्या काही नाही. त्यामुळे अडचण नाही.

नोंद अशी. शुक्रवारी तिचा निरोप आला, चार महिन्यांनी. फोनवर लिहून पाठवलाय, जसाच्या तसा उतरवतो.

"फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दर रविवारी सकाळी सात वाजता मी होस्टेलच्या गच्चीवरून रेडिओवर असेन. क्लबात वापरायचो तीच चाळीस मीटर बँडवरची जागा. तिथे बटण सोडल्याशिवाय समोरच्याचं ऐकूच येत नाही, म्हणून तिथे बोलू. दहा मार्चपर्यंत आहे. मग नोकरीसाठी बाहेर जातेय, तिकडे यातलं काही नसेल."

आम्ही दोघं कॉलेजच्या रेडिओ क्लबात होतो. परवान्याची परीक्षा एकाच दिवशी दिली. तिला माझ्याहून अकरा मार्क जास्त पडले, ते तिने वर्षभर पुरवून पुरवून ऐकवले.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यात मी कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलला सरांनी माझी जर्नल सगळ्यांना वाचून दाखवली आणि हसले. माझं डोकं फिरलं. टेबलावरचा पॉवर सप्लाय उचलून भिरकावला. कपाटाची काच फुटली. सरांना खरचटलंही नाही. माफी लिहून द्या म्हणाले, मी दिली नाही. एवढंच.

आजचा रविवार गेला, कारण माझ्याकडे अँटेनाच नाही. उरले सहा.

२९ जानेवारी, मंगळवार

काकांनी स्वतः हाताने बांधलेला दहा वॅटचा सेट उसना दिला. "अँटेना तुझा तू बांध. सगळंच आयतं मिळालं तर बोलायला काय उरेल?"

केबलवाल्याकडून टीव्हीची केबल आणली, वीस मीटर. एकसंध नव्हती, बारा आणि आठचे तुकडे दिले. अंगावर छापलंय ७५ ओहम. घरी येऊन मीटर लावला. मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात काहीच नाही. दुसऱ्या टोकाला दोन्ही एकमेकांना जोडून बघितलं तर एक ओहम. बारा मीटरला एक, आठ मीटरला त्याहून कमी. पंचाहत्तर कुठेच नाही.

तसाच उलट्या पावली दुकानात गेलो.

"पंचाहत्तर सांगून एक ओहम गळ्यात मारता?"

"साहेब, आम्ही मीटरवर विकतो," केबलवाला म्हणाला. "तुमच्या हातातल्या मीटरवर नाही. लांबीच्या मीटरवर."

दोन गिऱ्हाइकं हसली. मी काउंटरवरचा पिनांचा ट्रे उलटा केला. तो म्हणाला, "पुन्हा ही पायरी चढायची नाही." मी म्हणालो, गरजच पडणार नाही.

पूर्वी असं काही केलं की तळपायाची आग मस्तकात गेलेली कळायची. आज ट्रे पडल्याचा आवाज तेवढा आला. पिना अजून रस्त्यावर घरंगळत होत्या तेव्हा मी बसची वेळ बघत होतो.

३० जानेवारी

केबलवाल्याचं ऐकून काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग उठून एक दोरी शटरच्या कडीला बांधली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "झटका दे." दिला. दोरीतून एक उंचवटा पळत गेला, कडीला आपटला आणि माघारी येऊन माझ्या मनगटाला लागला.

"पंचाहत्तर हे पडलेल्या केबलचं माप नाही बाबा, चालत्या लाटेचं आहे. लाट चालू आहे तोवरच ते असतं. गुंडाळी मांडीवर घेऊन मोजायला बसलास तर काय दिसणार? शेवटाला तेवढंच घेणारं कोणी भेटलं, तर सगळं आत जातं, परत काही येत नाही. कमीजास्त असलं, की उरलेलं फिरून पाठवणाऱ्याच्या अंगावर."

साध्या तारेचा अँटेना मधोमध साधारण सत्तर ओहमचा असतो, म्हणून टीव्हीची केबल त्याला चालते. सेट पन्नासचा आहे. विचारलं, त्याचं काय? काका म्हणाले, "थोडी कुरबुर राहील. कुठल्या घरात नसते?"

१ फेब्रुवारी, शुक्रवार

अँटेना चढवला. दहा दहा मीटरच्या दोन तारा, मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरत्या. मधल्या टोकाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाइप उभा केला, सुतळीने बांधला. केबलचे दोन तुकडे पीळ देऊन जोडले, वर टेप मारली. जोड टाकीच्या बाजूला आला, तिथेच पाइपाला बांधून टाकला.

आई खालून म्हणाली, "वर गेलाच आहेस तर टाकीचा बॉल बघ. रोज सातला टाकी भरून वाहते, भिंतीला ओल आलीय." हो म्हणालो.

संध्याकाळी बाबा गच्चीवर आले. बाबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन आहेत. सकाळी साडेसहाला या सगळ्या भागाचं पाणी त्यांच्या हाताने सुटतं. तीस वर्षांत एकदाही उशीर नाही, लोक पाण्यावर घड्याळ लावतात. मी कॉलेज सोडल्यापासून आमचं बोलणं नाही. भांडणही नाही. त्यांनी सुतळीला बोट लावून बघितलं आणि खाली गेले.

२ फेब्रुवारी

सकाळी वर गेलो तर सुतळीच्या जागी लोखंडी क्लॅम्प. दोन बोल्ट, घट्ट. ताईला विचारलं, कोणी लावला? म्हणाली, "भुतांनी. ड्यूटीवर जाताना लावून गेली."

३ फेब्रुवारी, रविवार

सातला दोन मिनिटं कमी असताना सेट लावला. सातला ती आली.

आवाज इतका स्वच्छ की भिंतीपलीकडच्या खोलीतून बोलतेय असं वाटावं. माझी खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, तीनदा उच्चारली, मग तिची. "ऐकतोयस का? ओव्हर."

सेटपाशी लावलेल्या मीटरवर दोन काटे आहेत. एक बाहेर किती जातं ते दाखवतो, दुसरा परत किती येतं ते. सातच्या आधी क्षणभर बटण दाबून बघितलं होतं, परतीचा काटा सहावर. काकांनी बजावलंय, तीनच्या खाली आल्याशिवाय बटण दाबून बोलायचं नाही, सेट जळेल, सेट माझा आहे.

म्हणून फक्त ऐकलं. तिने दहा मिनिटांत पाच वेळा बोलावलं. प्रत्येक हाकेनंतर थांबत होती. ती थांबण्यात इतकी शिस्तीची असेल हे माहीत नव्हतं. की मी कधी तिला थांबायला जागाच ठेवली नव्हती, ते आठवत नाही.

६ फेब्रुवारी

तारा लांब आहेत. दोन्हीकडून एक एक वीत कापली. काटा पाचवर. मग आणखी चार बोटं. चारवर. तिथे अडला.

आई म्हणाली, बॉल. हो म्हणालो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

काटा शून्यावर.

मी काही केलेलं नाही. तारांना हात लावला नाही. सकाळी सहज सेट लावला, दोन सेकंद बटण दाबलं, परतीचा काटा हललाच नाही. पुन्हा दाबलं. शून्य. आपोआप बसलं.

आनंद व्हायला हवा होता. पाच मिनिटं वाट बघितली, मग दाढी करायला गेलो.

१० फेब्रुवारी, रविवार

बोलायचं ते दोन पानं लिहून काढलं होतं. सरांनी काय केलं, त्या दिवशी तू काहीच का बोलली नाहीस, चार महिने कुठे होतीस, माझा एकही मेसेज तुला वाचावासा वाटला नाही का. क्रमाने.

ती आली, पण आवाज बारीक. मागच्या रविवारसारखा नाही. तोंड फिरवून बोलल्यासारखा.

मी बटण दाबलं आणि दोन्ही पानं वाचली. सहा मिनिटं. परतीचा काटा शून्य, सगळं बाहेर जात होतं. बटण सोडलं तेव्हा ती म्हणत होती, "...कोणी आहे का? मधेच खरखर दबते, शब्द नाही. तू असशील तर एक शब्द बोल. ओव्हर."

सहा मिनिटं बोललो आणि म्हणते एक शब्द बोल.

पुन्हा दाबलं, मोठ्याने म्हणालो, मी आहे. ती म्हणाली, "नाही वाटतं कोणी."

नोंद: माझ्या बाजूला दोष नाही. मीटर सांगतोय.

१२ फेब्रुवारी

काकांना म्हणालो, तिला ऐकायचंच नाही. काका पंख्याचं बेअरिंग ठोकत होते. म्हणाले, "तू ओरडलास का?"

"थोडा."

"ओरडल्याने आवाज लांब जात नाही. फाटतो."

१७ फेब्रुवारी, रविवार

आवाज आणखी बारीक. आज मी दोनच मिनिटं बोललो, हळू. तिला काही नाही. किंवा काही नाही असं तिला दाखवायचंय.

मग ती तिचं तिचं बोलली. अर्धं खरखरीत गेलं. प्रकल्प पूर्ण झाला, तिकीट आलं, खोलीतलं सामान कोणाकोणाला वाटून टाकलं. "...लिहायला त्रास होतो, दोन बोटं अजून बधीरच..." पुढचं ऐकू आलं नाही. तिकडे थंडी असेल.

१९ फेब्रुवारी

दुकानात काहीतरी जळाल्याचा वास आला. काका म्हणाले, "अरे, तुझा हात." सोल्डरिंग आयर्न मी चुकीच्या जागी धरला होता. दोन बोटांची कातडी पांढरी पडलीय. दुखत नाही. काकांनी मलम लावलं. काम चोख झालं होतं, जोड चकचकीत.

घरी आई ताईला सांगत होती, "हल्ली किती शांत झालाय. उलटून एक शब्द बोलत नाही." ताई म्हणाली, "तेच तर." तिला त्यात काय खटकलं ते आईला कळलं नाही. मलाही नाही कळलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

सातला खोलीतच होतो. सेट लावला नाही. समोर बसून राहिलो. टाकीचं पाणी गच्चीवर पडत होतं, त्याचा आवाज येत होता. साडेसातला उठलो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काकांनी वही मागितली. मनातलं वगळून वाचा म्हणालो. ते आठ तारखेवर थांबले.

"आपोआप शून्यावर आला?"

"हो."

"आपोआप फक्त बिघडतं रे. सुधारलेलं ऐकलंय कधी?"

त्यांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत तेल, तेलात बुडवलेला एक रेझिस्टर, झाकणावर केबल जोडायची जागा. दुकानातल्या सेटला तो लावला, बटण दाबलं. परतीचा काटा शून्य.

"याच्याइतका गुणी अँटेना जगात नाही. भांडत नाही, रुसत नाही, परत काही पाठवत नाही."

"मग यावरच बोलायचं की."

"बोल ना. डबा कोमट होईल." ते डब्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "वर जाऊन एकदा बघ."

हो म्हणालो.

३ मार्च, रविवार

सेट लावला. बोलायचं नाही असं ठरवूनच बसलो.

ती म्हणाली, "पुढचा रविवार शेवटचा. मागच्या वेळी खरखरसुद्धा दबली नाही. मी दिवसभर... जाऊ दे. रागात असशील तरी चालेल. शिव्या दे. पण तू आहेस एवढं कळू दे. ओव्हर."

मी बटण दोनदा दाबलं आणि सोडलं. बोललो नाही.

"आत्ता दोनदा दबली," ती म्हणाली. मग बराच वेळ तिने बटण सोडलं नाही, तिच्या गच्चीवरचा वारा ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, "हा तूच असशील तर अजून एकदा दाब. ओव्हर."

बोट बटणावर होतं. दाबलं नाही. का, ते लिहायला घेतलं तर सापडत नाही. एवढंच डोक्यात होतं की हिला खरंच शब्द जात नाहीत. ही नाटक करत नाहीये. म्हणजे दहा तारखेची ती दोन पानं कुठे गेली?

सेट बंद केला.

५ मार्च

काकांनी सेट तपासला, माइक तपासला. दोन्ही ठणठणीत. गच्चीवर गेलो. तारा जागेवर, टेप जागेवर, क्लॅम्प जागेवर. खाली येऊन मीटर बघितला. शून्य.

९ मार्च, शनिवार

आज सगळं लिहितो.

दुपारची उन्हं कलल्यावर पुन्हा वर जाऊन केबलकडे बघत उभा होतो. बाबा आले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा बोलले.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. मीटर ठीक दाखवतोय."

"मीटर कुठे बसवलाय?"

"खाली. सेटपाशी."

"आणि माल कुठे पोचायचाय?"

मी वर बोट दाखवलं.

"आमच्याकडे पंपाशी मीटर पूर्ण दाखवतो आणि शेवटच्या घरात थेंब नसतो. मीटर खोटं बोलत नाही. तो त्याच्या दारातलं सांगतो."

त्यांनी केबल हातात धरली आणि बोटांनी चाचपत वरून खाली येत गेले, पाइपाची गळती शोधतात तसे. टाकीच्या वाहत्या नळीखाली, जोडावर, थांबले. टेप सोडली. आतली तार काळीहिरवी झाली होती. जोडाच्या खालचा तुकडा त्यांनी उलटा धरला. पाणी आलं. थेंब नाही, धार. बारा मीटर केबल पाणी पिऊन बसली होती.

"वरून शिरतं, खाली उतरतं," बाबा म्हणाले. "टेप गुंडाळताना वरून खाली गुंडाळलीस. कौलं उलटी घातल्यासारखी."

मला डबा आठवला. जे बोललो ते सगळं या बारा मीटरमध्ये मुरलं. थोडंसं वर पोचून माघारी फिरलं असेल तर तेही खाली येता येता इथेच संपलं. म्हणून शून्य. दहा वॅटमधून तिच्यापर्यंत जाऊन जाऊन किती गेलं असेल? खरखर दबण्यापुरतं. आणि मी लिहिलं होतं, माझ्या बाजूला दोष नाही.

"नवी केबल घेऊन ये," बाबा म्हणाले.

"शनिवारी दुपारनंतर दुकान बंद. आणि उघडं असतं तरी तो मला देणार नाही."

"का?"

सांगितलं. लांबीच्या मीटरवर आणि हातातल्या मीटरवर, ते सगळं. बाबांनी मान दुसरीकडे फिरवली. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरोबर बोलला की तो."

काकांकडे धावत गेलो. त्यांनी जहाजावरची जाड काळी केबल दिली, पन्नास ओहमची. म्हणालो, मग वर पंचाहत्तर, खाली पन्नास, अँटेना सत्तर, जुळणार कसं? "नाही जुळत पूर्ण," काका म्हणाले. "पण कोरडी आहे."

वरचा आठ मीटरचा तुकडा चांगला होता. नवी केबल खोलीपर्यंत जेमतेम पुरली. टाकीला वळसा घालण्याइतकीही ढील उरली नाही, त्यामुळे जोड पुन्हा तिथेच, नळीखाली. यावेळी डाख देऊन जोडला. बाबांनी पाइपाच्या सांध्यांना लावतात तो काळा लेप वरून थापला. म्हणाले, "हा धरायला चोवीस तास घेतो. तोवर पाणी लागता कामा नये."

"सकाळी साडेसहाला पाणी येईल. सातला टाकी वाहणार."

"बॉल?"

बघितलाच नव्हता. आई सव्वा महिना सांगतेय.

त्यांनी माझा हात धरून उजेडाकडे केला. "हे काय?"

"भाजलं."

"दुखत नाही?"

"नाही."

त्यांनी हात सोडला नाही. मग मीच बोललो. काच फुटली तेव्हा ती कपाटाला टेकून उभी होती. काचेला अडवायला तिने हात वर केला. उजवा. मला दिसलं होतं. मी तिच्याकडे न जाता दाराकडे गेलो.

हे मी या वहीत लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी लिहिलं, काच फुटली, एवढंच.

बाबा लेपाचा डबा बंद करत होते. म्हणाले, "विचारलंस का तिला, कसा आहे हात?"

"नाही."

"चार महिन्यांत?"

"पाच."

१० मार्च, रविवार

सेट सहा पन्नासला लावला. परतीचा काटा अडीचवर. थोडं परत येत होतं. ते बघून बरं वाटलं, का ते माहीत नाही.

आज काही लिहून काढलं नव्हतं.

सातला ती आली. पहिल्या रविवारसारखी, भिंतीपलीकडून. माझी खूण एकदाच उच्चारली, सवय म्हणून उच्चारावी तशी. "शेवटचं. ओव्हर."

बटण दाबलं. म्हणालो, "हात कसा आहे? ओव्हर."

सोडलं.

काही नाही. फक्त खरखर. घड्याळात बघितलं, चौदा सेकंद. मग ती म्हणाली, "आलास."

त्यानंतर सव्वीस मिनिटं. त्यातली बावीस ती बोलली. मी चार वेळा बटण दाबलं, चारही वेळा सोडलं. ती काय बोलली ते लिहीत नाही. काका म्हणतात मनातलं लिहायचं नाही, आणि ते माझं नव्हतं, तिचं होतं. नोंदीपुरतं: सात टाके. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट अजून बधीर आहे. परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ती डाव्या हाताने लिहायला शिकली. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही. बारा तारखेला जातेय.

शेवटी विचारलं, "मधे खरखर दबायची, तो तूच होतास ना?" हो म्हणालो. ती म्हणाली, "मग मी एकटी नव्हते तर." खूण उच्चारली आणि गेली.

सात सव्वीस. सेट बंद करून हात मांडीवर ठेवला तेव्हा बोटं ठणकत होती. भाजलेलीच. कळ पार खांद्यापर्यंत. वर जाऊन जोड बघितला. कोरडा. नशीब, कारण आज टाकी वाहिलीच नाही, पाणीच आलं नव्हतं. सगळी गल्ली बादल्या घेऊन दारात उभी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तीस वर्षांत असं नाही झालं." सात पस्तीसला आलं. मी टाकीशी उभा राहून नळीखाली बादली धरली.

बाबा नऊला घरी आले. आईने विचारलं, "काय झालं हो?"

"व्हॉल्व्ह अडकला होता."

"बरा आजच अडकला," ताई म्हणाली.

बाबांनी चहा बशीत ओतला.

११ मार्च, सोमवार

टाकीचा बॉल बदलला. पान्हा बाबांनी धरला. केबलवाल्याकडे गेलो होतो, पायरीवरूनच सांगितलं, तुमचा मीटर बरोबर होता. म्हणाला, "लांबी किती हवी ते सांगा."

दुपारी बाबा माझ्या खोलीत आले, हातात कागद. कार्यालयाने लेखी खुलासा मागितलाय, पाणी उशिरा का सोडलं. म्हणाले, माझं अक्षर तुला माहितीये, तू लिही. त्यांनी सांगितलं ते लिहिलं: काल सकाळी पाणी सोडण्यास एक तास विलंब झाला. चूक माझी आहे. त्याबद्दल दिलगीर आहे.

"व्हॉल्व्ह अडकला तर चूक तुमची कशी?"

"लिही."

लिहिलं. तीन ओळी. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी सही केली, घडी घालून खिशात ठेवला आणि ड्यूटीवर गेले.

येताना त्यांनी दोन कागद आणले होते. दुसरा कोरा टेबलावरच राहिलाय. न्यायला विसरले.